तुळशीवरची ठिपकेदार माशी



तुळशीला मंजिऱ्या आल्या, की त्यांच्याभोवती नाना तऱ्हेच्या माश्या फिरू लागतात. त्यांत कधीतरी एक काळीभोर माशी दिसते, अंगभर चमकदार निळे ठिपके असलेली. तिच्या प्रजातीचं नाव थायरियस. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तशी ही अमेजिला नावाच्या माशीच्या बिळात घालते.

ओळखताना घोटाळा होतो तो याच दोघींत. अंगानं सारख्याच, आणि निळाई दोघींवर. पण अमेजिलाच्या पोटावर सलग आडवे पट्टे असतात, छातीवर तपकिरी लव. थायरियसच्या पोटावर दोन्ही कडांना सुटे ठिपके आणि पंख धुरकट. त्याहून पक्की खूण पायांवर: अमेजिलाच्या मादीच्या मागच्या पायांवर पराग धरणारे दाट केस असतात, थायरियसच्या मादीला ते नसतातच. पिल्लांसाठी पराग वाहायचाच नाही, तर ते हवेत कशाला?

अमेजिला ओढ्याच्या दरडीत किंवा जुन्या घराच्या मातीच्या भिंतीत बीळ कोरते. आत एकेका अंड्यासाठी पराग आणि मधुरसाची शिदोरी भरते. थायरियस बिळाभोवती घिरट्या घालते आणि संधी साधून आत अंडं घालून जाते. तिच्या अळीचे जबडे विळ्यासारखे असतात. ती यजमानाचं अंडं किंवा अळी मारते आणि शिदोरी खाऊन वाढते.

हे ऐकून तिचा राग येऊ देऊ नका. अमेजिला टोमॅटो-वांग्याची फुलं थरथरवून पराग मोकळे करते, म्हणून ती शेतकऱ्याच्या मोठ्या कामाची. आणि थायरियस दिसली म्हणजे अमेजिलाची बिळं जवळपास नांदती आहेत. मातीच्या भिंतीतली ती भोकं लिंपून टाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

थायरियस पाहायची उत्तम वेळ भल्या पहाटेची. काटकीचं टोक जबड्यात पकडून ती झोपलेली असते, तेव्हा जवळ जाता येतं.

जात ठरवणं मात्र कठीण. लिफ्टिंक या डच कीटकशास्त्रज्ञानं १९६२ साली आशिया-ऑस्ट्रेलियातल्या थायरियसची फेरतपासणी प्रसिद्ध केली. छातीच्या मागच्या टोकाला एक चपटी ढाल असते. तिच्या कडेची खाच, केसांच्या ठिपक्यांची मांडणी आणि नराची जननेंद्रियं यांवरून जाती वेगळ्या करतात. फोटो काढाल तर वरून काढा, ती खाच दिसेल असा. तेवढ्यावरही जात कळली नाही, तर वहीत नुसतं ‘थायरियस’ लिहा. ती नोंद खरी असेल.