आमचा मुलगा कान का झाकतो?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्हा नवराबायकोला भाषणाची सवय नाही. तरी आज उभे राहिलो, कारण आमचा मुलगा २२ वर्षांचा झाला आणि गेली ३ वर्षे आम्ही त्याला विहारात आणलेले नाही.

शेवटच्या वेळी तो कर्ण्याजवळ बसला होता. आधी पुढे-मागे डुलू लागला. लोक काय म्हणतील म्हणून आम्हीच त्याला दाबून बसवले. मग त्याने कान झाकले. ते हातही आम्ही खाली ओढले. शेवटी तो किंचाळला, स्वतःचे डोके बडवू लागला. कुणी म्हणाले, "लाडावून ठेवलाय." कुणी म्हणाले, "याला घरीच ठेवत जा." ते शब्द लागले. पण चूक आमचीही होती, हे पुढे कळले.

त्याला स्वमग्नता आहे, डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात. हे वेड नव्हे आणि आईबापाच्या वळणाचा दोषही नव्हे. मेंदूची घडणच वेगळी असते. अशा अनेकांना आवाज, उजेड, स्पर्श फार तीव्र जाणवतो. तो ताण साचत जातो. डुलणे, हात फडफडवणे, एकच शब्द घोकणे हा स्वतःला सावरण्याचा त्यांचा उपाय असतो. तोच आपण हिरावून घेतला तर बांध फुटणारच.

लहानपणी शाळेमुळे दिवस आखलेला असायचा. अठरानंतर शाळा सुटली आणि त्याची घालमेल वाढली. आता दिवसाची कामे आम्ही चित्रे काढून भिंतीवर लावतो : पाणी भरणे, भाजी आणणे, फिरणे. कुठे जायचे ते आदल्या दिवशी सांगतो. खिशात 'बाहेर चला' अशी चिठ्ठी असते. ती दाखवली की काही न विचारता उठायचे. ओरडणे पुरते थांबले नाही, पण आता बहुतेकदा आधी चिठ्ठी निघते.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी लपवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र काढून घ्या.

विहाराकडे आमचे मागणे थोडे आहे. दाराजवळ एक सतरंजी, आणि कर्ण्याचे तोंड दुसरीकडे. तो डुलला तर डुलू द्या. त्याला 'बाळ' म्हणू नका, नावाने हाक मारा. उत्तर उशिरा येईल, थांबा.

येत्या पौर्णिमेला आम्ही तिघे येतो. जय भीम!