निदान होईपर्यंत



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला बोलावला की तो बोनस, पगारवाढ नाहीतर संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. त्यांवर आम्ही वर्षभर बोलतोच. आज आम्ही एका अडनिड्या काळाविषयी बोलणार आहोत. हातापायांना मुंग्या येतात, बोटांतून पाना निसटतो, चालताना एक पाऊल फरफटते, आणि दवाखान्यामागून दवाखाने पालथे घातले तरी या दुखण्याला नाव मिळत नाही, असा तो काळ. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि विमा दवाखान्याच्या बाकांवर झाले. त्या बाकांवर जे ऐकले आणि नंतर पुस्तकांत शोधले, तेवढेच सांगतो.

आपल्या भाषेत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वैद्याच्या तोंडी रोगाची ओळख, आणि आपल्या तोंडी 'कमीत कमी'. बाकावर बसलेला माणूस दोन्ही अर्थ एकदम बोलतो: "बरे नाही केलेत तरी चालेल, निदान नाव तरी सांगा." एवढ्या नावासाठी माणूस का तळमळतो? ताप कपाळाला हात लावून कळतो, मोडलेल्या हाताचे प्लास्टर चार लोकांना दिसते. मुंग्या कोणाला दिसत नाहीत. सकाळी पाय चालतो, दुपारी चालत नाही, आणि मुकादम नेमका सकाळी बघतो. मग कारखान्यात 'सोंग' हा शब्द निघतो. घरी कोणी तो शब्द उच्चारत नाही, पण भरलेली घागर पुढे सरकवताना क्षणभर थांबलेली नजर काय म्हणते ते रोग्याला कळते.

आणि कागद तर उघडच विचारतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत साध्या आजारपणाचा लाभ मजुरीच्या सत्तर टक्के आहे आणि तो वर्षाला 91 दिवसच मिळतो. त्यापुढे लांबणाऱ्या आजारांसाठी 80 टक्क्यांचा वाढीव लाभ आहे, दोन वर्षांपर्यंत. पण तो ठरलेल्या 34 आजारांना. त्या यादीत अर्धांगवायू आहे, कंपवात आहे. 'अद्याप कळले नाही' या नावाचा आजार तीत नाही. म्हणजे ज्याचा रोग ओळखला गेला त्याची चूल पेटती राहते, आणि ज्याचा ओळखला गेला नाही त्याची 92 व्या दिवशी विझते. दुखणे दोघांचे सारखेच असू शकते.

डॉक्टर मुद्दाम दडवतात असे आमच्या पुष्कळ बांधवांना वाटते. तसे नसते. मज्जासंस्थेचे काही रोग आपली ओळख हप्त्याहप्त्यानेच देतात. मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जागोजाग चट्टे पाडणारा एक रोग पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने 1868 साली नीट वर्णिला. आज त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. तो ठरवताना बिघाड एकाहून अधिक जागी आणि एकाहून अधिक वेळी झाला आहे का, हे पाहण्याची रीत पडली. म्हणजे डॉक्टरला दुसऱ्या झटक्याची वाट बघावी लागे. आता एम.आर.आय.च्या चित्रांनी आणि कण्यातले पाणी तपासून तो काळ पुष्कळ आखडला आहे, तरी संपलेला नाही.

कंपवाताची तर रक्तात अशी एकही साधी खूण नाही. डॉक्टरचा डोळाच तो ओळखतो. ज्याच्या नावाने तो रोग जगात ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली आपला निबंध लिहिला तो अवघ्या सहा माणसांवरून, आणि त्यांतले काही त्याने केवळ रस्त्यात पाहिलेले होते. हा पार्किन्सन आम्हांला आणखी एका कारणाने जवळचा वाटतो. लंडनच्या कारागिरांना मताचा हक्क मागणाऱ्या मंडळाचा तो सभासद होता, टोपणनावाने पत्रके लिही, आणि 1794 साली राजाविरुद्धच्या कटाच्या चौकशीत त्याला जबाब द्यावा लागला होता. तपासणीच्या खोलीबाहेर जाऊन माणूस चालतो कसा हे त्याने पाहिले, याचे आम्हांला तरी नवल वाटत नाही.

पण कोणी घरी जाऊन 'वाट बघा' एवढेच सांगू नये. काही दुखणी वाट बघू देत नाहीत. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूस गीयाँ-बारे या रोगाची साथ उठली, आणि संशयित रुग्ण दोनशेवर गेले. त्यात बहुधा पायांतली शक्ती जाते, आणि ती अशक्तता दिवसांत, कधी तासांत, वर चढत श्वासापर्यंत पोहोचते. वेळेवर रुग्णालय गाठले तर त्यावर उपचार आहेत. गंमत अशी की, त्यात नसांची विजेची तपासणी पहिल्या आठवड्यात निर्दोषही येऊ शकते. तेव्हा 'रिपोर्ट चांगला आहे' म्हणून चढती अशक्तता घेऊन घरी बसू नये. तोंड एकाएकी वाकडे झाले, जीभ अडखळली, एक हात पडला, तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. गिळता येईना, श्वास पुरेना, लघवी एकाएकी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच रात्री निघावे. पाळी बुडेल म्हणून थांबू नये.

हे वगळून जे उरते ती लांबट वाट. ती आम्ही ऐकीव सांगत नाही. चौदा महिने झाले, आमचा उजवा पाय संध्याकाळनंतर आमचे ऐकत नाही. मेंदूचे चित्र स्वच्छ आले, नसांची तपासणी एकदा निर्दोष आली, साखर नाही, ब-बारा पुरेसे आहे. पुढची तारीख जूनमध्ये आहे. पहिले तीन महिने आम्ही रात्री पायाची बोटे हलवून बघत असू, जणू तिजोरीचे कुलूप पुनःपुन्हा ओढून पाहावे. त्याने कुलूप पक्के होत नाही, झोप मात्र जाते. आता आम्ही दिवसातून एकदाच, रात्री जेवणानंतर, वहीत तीन ओळी लिहितो: काय झाले, किती वाजता, किती वेळ टिकले. मग वही मिटतो. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी आमच्या बोलण्यापेक्षा त्या वहीकडेच अधिक वेळ पाहिले. आम्हांला त्याचा राग आला नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र आपला धंदा लिहावा. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की 'तू काम काय करतोस' हाही विचारावा, असे त्याने वैद्यांना बजावले. तीनशे वर्षे उलटली, तरी गर्दीच्या दवाखान्यात तो प्रश्न राहून जातो. बॅटरीच्या कारखान्यातल्या शिशाने मनगट लुळे पडते. मँगॅनीजची भुकटी दळणाऱ्या ग्लासगोच्या कामगारांची चाल बिघडल्याची नोंद 1837 सालची आहे, आणि वेल्डिंगच्या धुरात मँगॅनीज आजही असते. कोणत्या खात्यात किती वर्षे, कोणते द्रावण, खिडकी होती का, हे डॉक्टरने विचारले नाही तर आपण सांगावे. शेजारच्या साच्यावरच्या माणसालाही तसेच होत असेल तर तेही सांगावे. एकट्याचे कोडे कधी कधी दोघांत उलगडते.

दोन गोष्टींना जपावे. एक, नाव विकणारे. मालिश, काढे, 'नस दबली आहे' असे चुटकीसरशी सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि टांगणीला लागलेला माणूस नाव मिळाले याच आनंदात कर्ज काढतो. ब-बाराची सुई तपासणीआधी टोचून घेऊ नये. मागाहून रक्तात प्रमाण भरपूर दिसते आणि खरे कारण झाकते. शाकाहारी मंडळींत ती उणीव पुष्कळ असते आणि भरूनही निघते, म्हणून तर ती आधी नीट तपासावी.

दुसरी गोष्ट 'मनाचे आहे' या वाक्याची. ते ऐकून आमचे एक सभासद उठून चालते झाले. आम्ही त्यांना परत नेले. मज्जासंस्थेची रचना शाबूत आणि कारभार बिघडलेला, असा खराखुरा रोग असतो. तो चांगला डॉक्टर खुणांवरून ओळखतो. 1908 साली हूव्हर या डॉक्टरने एक खूण सांगितली: दुबळा पाय खाली दाबायला सांगितला तर दबत नाही, पण दुसरा पाय जोर लावून उचलायला लावला की तोच आपसूक दाबतो. हे सोंग उघडे पाडणे नव्हे. शक्ती आहे आणि वाट चुकते आहे, असा त्याचा अर्थ. आणि अशा रोग्यांना व्यायामोपचाराने गुण येतो. ज्या डॉक्टरने तपासून हे सांगितले त्याचे ऐकावे. ज्याने मान वर न करता सांगितले त्याला पुन्हा तपासा म्हणावे.

राहिला 92 वा दिवस. आमचे मागणे साधे आहे: तपासण्या चालू आहेत असा तज्ज्ञाचा दाखला असेल तोवर, नाव मिळो न मिळो, लाभ चालू राहावा आणि माणसाला हलके काम मिळावे. मालकांशी बोलताना हलक्या कामाचे कलम आम्ही करारात घालून घेतो. दोन ठिकाणी ते मिळाले आहे. लाभाची गोष्ट सरकारच्या हाती आहे, आणि तिथे अर्ज गेलेला आहे.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. वहीबद्दल विचारा, विम्याच्या कागदांबद्दल विचारा. फक्त 'मला झाले आहे ते काय असेल' एवढे आम्हांला विचारू नका; आमचेच आम्हांला अजून कळायचे आहे.