खाडीपलीकडचं ताट

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय दिलाय 'आम्हा दोघांचा फिनलंड प्रवास'. फिनलंड मी दोन मिनिटांत आटोपणार आहे, कारण खरं सांगायचंय ते आपल्या अंगणातलं.

मुलगी तिकडे नोकरीला आहे म्हणून आम्ही पंधरा दिवस जाऊन आलो. तळ्याकाठच्या लहान लहान गावांतून फिरलो. कुओपिओच्या बाजारात कालाकुक्को खाल्लं. म्हणजे राईच्या जाड भाकरीत बारीक मासे आणि डुकराचं मांस कोंबून कित्येक तास भट्टीत भाजायचं, मग भाकरी फोडून खायची. आमची ही साताऱ्याची, माळकरी घरातली. तिने राईच्या पातळ पारीत मऊ शिजवलेला भात भरलेली कार्यालनपिराक्का खाल्ली, तीही वरचं अंड्याचं लोणी न लावता, आणि म्हणाली, "मिरची असती तर बरं झालं असतं." एवढंच. आणखी एक पाहिलं. तिकडे स्वीडिश बोलणारे शंभरात पाचेक असतील, पण ते जिथे राहतात त्या गावांत रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात.

मुलीच्या शेजारच्या आजींनी विचारलं, तुमच्या किनाऱ्यावर काय खातात? मी म्हटलं, मासे-भात. त्या म्हणाल्या, सगळेच? मला पुढे बोलता येईना. जन्म अलिबाग तालुक्यात गेला आणि शेजारच्या चुलीवर काय शिजतं ते ठाऊक नाही!

म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही दोघं निघालो. मांडवा ते श्रीवर्धन, आठ दिवस, एसटीने. गाडी घरी ठेवली. (गुडघ्यांनी नंतर जाब विचारला, ते सोडा.)

पोपटी तुम्हाला मी काय सांगणार! पण हिने पहिल्यांदा पाहिली. माठाच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, पुन्हा पाला, माठ उलटा करून भोवती जाळ. हिच्यासाठी माठ वेगळा लावला होता. माठावर पाण्याचा हबका मारून तो चर्रकन आटला की झाली पोपटी, हे तिथल्या काकांनी दाखवलं. ही अजून त्या वासाबद्दल बोलते.

अलिबागला इस्रायल आळीत गेलो. १८४८ सालचं मागेन आबोथ सिनेगॉग तिथे आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणत, ती बेने इस्रायली माणसं. आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर, आपलीच. लहानपणी एका मित्राच्या घरी मलिदा खाल्ला होता, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीच्या नावाने करतात. ते घर इस्रायलला गेलं. आळीत आता थोडीच कुटुंबं आहेत. मी बराच वेळ त्या ओट्यापाशी उभा होतो.

आता कोर्लई. इथे मला थांबायचंय.

आपल्या वर्गात खाडी ओलांडून येणारी एक मुलगी होती. नाव घेत नाही, तिनेच नको म्हटलंय. घरी ती जी भाषा बोलायची तिला त्यांच्यात 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज १७४०मध्ये इथून गेले, भाषा मात्र त्या एका गावात राहिली. शब्द पोर्तुगीज, वाक्याची ठेवण आपल्या मराठीसारखी. परदेशातल्या भाषातज्ज्ञांनी त्यावर पुस्तक लिहिलंय. आपण काय केलं? मधल्या सुट्टीत तिची नक्कल. पुढाकार माझा असायचा, हे समोर बसलेल्यांपैकी निदान चौघांना आठवत असेल. आणि हे आपण पाव-बटाटा खाता खाता करायचो! पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, सगळे शब्द पोर्तुगीजांचे.

विचारत विचारत तिचं घर सापडलं. तिने मला लगेच ओळखलं. ताट वाढलं. भात, नारळाच्या रसातलं बांगड्याचं कालवण, तळलेली मांदेली. हिच्यासाठी घाईने वालाचं बिरडं केलं, आणि वाल सोलायला ही तिच्याशेजारी जाऊन बसली. मी शब्द जुळवत होतो. अखेर म्हटलं, "शाळेत मी फार वाईट वागलो तुझ्याशी."

ती म्हणाली, "हो. वागलास."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी माझ्या पोरांशी मराठीतच बोलले. म्हटलं, त्यांना शाळेत कोणी हसायला नको. आता नातू विचारतो, आजी, तुमची भाषा शिकव. सुरुवात कुठून करू सांग."

मला घास गिळेना. एक बोलभाषा एका घरातून गेली, त्यात माझ्या त्या नकलांचाही वाटा आहे. हिने नंतर एसटीत मला एकच वाक्य ऐकवलं: "बरं झालं गेलात, पण चाळीस वर्षं उशीर केलात."

पुढे मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन झालं. श्रीवर्धनला ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या वाड्यांत पोफळीची नवी रोपं लावलेली पाहिली. रोठा सुपारी घेतली. फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तरी ऐंशीच्या घरातले एक बागाईतदार स्वतः आळी करत होते. पण खरं सांगतो, माझं चित्त कोर्लईतच होतं.

आजचं आमंत्रण मी तिला स्वतः जाऊन दिलं. "बघते," म्हणाली. आज आली नाही. समितीला माझी विनंती आहे, पुढचा मेळावा कोर्लईत घेता आला तर बघा. पण आधी तिला विचारूया. ती नको म्हणाली तर विषय सोडून द्यायचा. हो म्हणाली तर जेवणाचा भार तिच्यावर टाकायचा नाही. पोपटीचा माठ मी आणतो, पाला आणि शेंगा तुमच्यापैकी कोणीतरी आणा. नावं मागच्या टेबलावर द्या.