गाज आणि गाजणे



गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आज एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘गाज’. तेरेखोल नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, त्या परिसरातील श्रोत्यांना गाज म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. या शब्दाचे कूळ मात्र सांगण्याजोगे आहे.

संस्कृतातील ‘गर्ज्’ हा धातू प्राकृतात ‘गज्ज’ झाला. पुढे मराठीत त्यातील द्वित्व गेले, त्याच्या आधीचा स्वर दीर्घ झाला आणि ‘गाज’ हे रूप सिद्ध झाले. कर्म, कम्म, काम. सर्प, सप्प, साप. अद्य, अज्ज, आज, ही सारी याच वाटेने आलेली भावंडे होत. व्युत्पत्ती अशा नियमावर उभी राहते. नुसत्या ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवली तर फसगत होते. ‘कामकाज’ यातील ‘काज’ हा ‘कार्य’ शब्दापासून आला, तर सदऱ्याचे ‘काज’ पोर्तुगीज ‘कासा’ या शब्दापासून. रूप एक, कुळे दोन!

‘गाज’ शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे कूळ एक आणि अर्थ दोन. हिंदीत ‘गाज’ म्हणजे कडाडून कोसळणारी वीज. समुद्रापासून दूर असलेल्या त्या सपाट प्रदेशात सर्वांत मोठा नाद आकाशातून येई. आपल्या किनाऱ्यावर तो अहोरात्र समुद्रातून येतो. म्हणून मराठीत आणि कोकणीत हा शब्द दर्याशी जोडला गेला. शब्दाचा अर्थ कोशात नोंदला जाण्यापूर्वी तो भूमीवर घडत असतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

मराठीत ‘गर्जना’ हा मूळ संस्कृत शब्दही नांदतो. पण दोहोंत भेद आहे. गर्जना सिंह करतो, मेघ करतो, सभेतला वक्ताही करतो. ती होते आणि थांबते. गाज कोणी करीत नाही, ती असते. ऐकणाऱ्याला ती पुष्कळ काही सांगते. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली, म्हणजे ध्वनी खाली वळतो आणि गाज दूरवर ऐकू येते. दूरच्या वादळात उठलेल्या लांब लाटा वादळाच्या पुढे धावतात. त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही गाज वाढू शकते. दर्यावर जाणाऱ्याच्या दृष्टीने हा शब्द काव्यालंकार नव्हे, ते ज्ञान आहे.

याच कुळातले ‘गाजणे’ हे क्रियापद मात्र समुद्र सोडून माणसांत आले. आधी दुमदुमणे, मग ख्याती होणे. नाटक गाजते, सभा गाजते. ‘गाजावाजा’ या शब्दात त्याला ‘वाद्य’ शब्दापासून निघालेले ‘वाजणे’ येऊन मिळाले. पुढे ‘गाजवणे’ आले, आणि पराक्रमाबरोबर अधिकारही गाजवला जाऊ लागला. तेरेखोलचा किल्ला पाहा. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला आणि तेथे सत्ता गाजवली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. ती घटना गाजली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. या साऱ्या काळात तटाखालची गाज कोणाच्या आज्ञेने वाढली नाही की उणावली नाही. समुद्राची गाज ‘गाजवता’ येत नाही, हे आपल्या भाषेने अचूक ओळखले आहे.

आज स्थिती अशी आहे, की क्रियापद वर्तमानपत्रांत रोज भेटते आणि नाम मात्र मागे पडत चालले आहे. ‘लाटांचा आवाज’ म्हटले की काम भागते, असे आपल्याला वाटते. परंतु लाट फुटताना एक आवाज होतो; असंख्य लाटांचा मिळून जो अखंड नाद दुरून ऐकू येतो, ती गाज. हा भेद सांगणारा शब्द गेला, तर कानही हळूहळू तो भेद विसरेल.

विद्यार्थी मित्रांनो, हा शब्द जपण्यासाठी पंडितांची वाट पाहू नका. केरीच्या किनाऱ्यावर उभे राहून ऐका. घरातील आजी-आजोबांना, मासेमारी करणाऱ्या शेजाऱ्यांना विचारा, की पावसाळ्यापूर्वीच्या गाजेला ते काय म्हणतात, ओहोटीच्या वेळच्या गाजेला काय म्हणतात. जे शब्द मिळतील ते त्यांच्याच उच्चारात वहीत लिहून ठेवा. मराठी की कोकणी हा वाद त्या वहीत आणू नका. अशी वही या शाळेत तयार झाली, तर गुरुजींचे याहून योग्य स्मारक दुसरे होणार नाही.