घरी लिहिलेलं पत्र



कळमनुरीतून बाहेर पडलेल्यांत मीही एक, म्हणून घरापासून फार लांब गेलेल्या एका माणसाबद्दल बोलते. फादर थॉमस स्टीफन्स. मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचणारा इंग्रज म्हणून आपण त्याला ओळखतो. मला मात्र त्याचं एक पत्र जास्त आवडतं.

१५७९ साली तिशीतला हा धर्मप्रसारक लिस्बनहून जहाजाने निघाला आणि साडेसहा महिन्यांनी गोव्याला पोचला. नोव्हेंबरात त्याने लंडनला वडिलांना पत्र लिहिलं. वारा पडला की जहाज कसं अडकून बसतं, हिरड्या सुजून माणसं कशी आजारी पडतात (सत्तावीस जण वाटेतच गेले), सगळं त्यात आहे. 

आता आमचं बघा. अमेरिकेत असताना मी घरी रोज फोन करायचे. "जेवलीस का?" "जेवले." "थंडी आहे का?" "आहे." झालं. बाबा गेल्यावर कपाटात माझी हॉस्टेलवरून लिहिलेली चार अंतर्देशीय पत्रं निघाली, मेसच्या पाणचट वरणाच्या तक्रारींसकट. आई ती अजून वाचते. दहा वर्षांच्या फोनमधलं वाचायला काहीच नाही.

स्टीफन्स परत गेला नाही. १६१६ मध्ये पुराण छापलं, १६१९ मध्ये गोव्यातच वारला. वडिलांना लिहिलेलं ते पत्र १५८९ मध्ये इंग्लंडात छापलं गेलं, म्हणून आपल्याला आज वाचता येतं.