दावणीचे घड्याळ

धारेची वेळ टळून गेली की म्हैस हंबरू लागते. तिला घड्याळ कळत नाही. पण बादलीचा खडखडाट, आंबोणाचा वास आणि मालकाची पावले यांची तिला सवय जडलेली असते. या खुणा रोजच्या वेळी मिळाल्या की ती पान्हा सोडते. उशीर झाला की दावे ओढते, आणि मग पुढ्यात येईल ते बकाबका खाते.

हा प्रश्न लाडाचा नाही, पोटाचा आहे. गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, म्हणजे कोठीपोट, हे असंख्य जिवाणूंचे बिऱ्हाड असते. वैरण खरे तर तेच पचवतात. गाय दिवसाचे ६ ते ८ तास रवंथ करते. मोठ्या गाईच्या तोंडात दिवसाला १०० लिटरच्या आसपास लाळ तयार होते आणि त्या लाळेने पोटातले आम्ल सौम्य राहते. खाणे ठरलेल्या वेळी, थोडे थोडे मिळाले की जनावर निवांत बसते, खाल्लेले अंगी लागते, करडू वजन धरते. उपाशी ठेवून एकदम पाटीभर धान्य घातले तर आम्ल इतके वाढते की रवंथ थांबते. जनावर एक-दोन दिवसांत दगावूही शकते.

म्हणून मला भीती वाटते ती मायेची. पोळ्याला बैलापुढे पुरणपोळ्यांची चवड ठेवतात. लग्नात उरलेला भात गाईला घालतात. आमच्याकडे बकरी ईदच्या आधी चार दिवस बोकड घरी येतो आणि मोहल्ल्यातली पोरे त्याला दिवसभर गहू, पाव, चपात्या चारतात. पाल्यावर वाढलेल्या पोटाला हे पेलत नाही. ईदच्या आधीच पोट फुगून मेलेले बोकड मी पाहिले आहेत. पोरांचे ते रडणे ऐकवत नाही. खुराक बदलायचाच तर दहा-पंधरा दिवस घेऊन बदलावा, आधी वैरण आणि मग मूठमूठ धान्य. बैलाला एक पोळी पुरे, मान तेवढ्यानेही होतो.

रमजानमध्ये आमच्या घरांच्या जेवणवेळा उलटसुलट होतात. गोठ्याच्या मात्र कुणी बदलत नाही.

मिनिटकाटा पाळायला नको. समोर कडबा असेल तर अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. धान्य-पेंडीची वेळ तेवढी सांभाळावी. उन्हाळ्यात मुख्य वैरण पहाटे आणि सांजेला द्यावी, कारण पचन होताना अंगात उष्णता वाढते.

आणखी एक गंमत. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गस कोनेफाल या पशुपालकाने १९७०च्या दशकात गाभण गाईंना रात्री उशिरा चारा द्यायला सुरुवात केली, तेव्हा बहुतेक गाई दिवसाउजेडी विऊ लागल्या. पुढे इतरांच्या प्रयोगांतही असेच दिसले. अडलेल्या गाईपाशी थंडीत रात्र काढलेल्या माणसाला याचे मोल कळेल. मात्र गाय व्यायच्या महिनाभर आधीपासून हा क्रम धरावा लागतो.