पाण्याकाठचे पुराणवस्तुसंग्रहालय
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



जुन्या बंदराकाठी पुराणवस्तुसंग्रहालय बांधावयाचे झाल्यास त्याची रचना कशी असावी, हा आजचा विषय. त्यासाठी मी आपणांस प्रथम डेन्मार्कमधील रॉस्किल्ड या गावी नेतो.

तेथील खाडीत अकराव्या शतकात शत्रूची वाट अडविण्यासाठी दगडांनी भरलेल्या नौका मुद्दाम बुडविल्या होत्या. १९६२ साली त्या जागेभोवती बांध घालून व पाणी उपसून पाच नौकांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. शतकानुशतके भिजलेले लाकूड एकाएकी वाळल्यास आकसते व तडकते. म्हणून त्यातील पाण्याच्या जागी मेणासारखे द्रव्य मुरवावे लागले. पुढे १९६९ मध्ये खाडीच्या अगदी कडेस संग्रहालय उघडले. एरिक ख्रिश्चन सोरेन्सेन या वास्तुशिल्पज्ञाने खाडीच्या बाजूस भव्य काचा बसविल्या. नौकेमागे तिचे मूळचे पाणी दिसावे, ही त्यातील कल्पना खरोखर रमणीय होती.

परंतु डिसेंबर २०१३ मधील वादळात खाडीचे पाणी चढून त्या इमारतीस भिडले. नौका थोडक्यात बचावल्या. काँक्रीटही जीर्ण झाले होते. इमारत स्वतःच संरक्षित वारसा असल्याने पेच पडला: वास्तू राखावी की नौका? २०१८ साली तेथील सरकारने इमारतीचे संरक्षण काढून घेतले. निर्णय कठोर खरा, पण मला तो योग्य वाटतो. पेटी पुन्हा घडविता येते. तीतील ठेवा गेला की गेलाच.

ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देऊ नये. गुजरातेत लोथल येथे भारत सरकारने सागरी वारशाचे मोठे संकुल हाती घेतले आहे. तेथे १९५५ पासून एस. आर. राव यांनी केलेल्या उत्खननात असे दिसले की, पुरांनी वारंवार गांजलेल्या त्या नगरवासीयांनी कच्च्या विटांचे उंच चौथरे रचून त्यांवर घरे बांधली होती. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांस जे उमगले होते, ते आजच्या स्थापत्यविशारदाने विसरू नये.

आपल्या ज्ञातीतील जे तरुण स्थापत्यशास्त्र शिकत आहेत, त्यांस माझे एवढेच सांगणे: प्रथम पाण्याची कमाल पातळी विचारा, मग चौथऱ्याची उंची ठरवा आणि शेवटी खिडकी काढा. देखावा अवश्य असावा. मात्र ठेव्याचे मोल देऊन तो विकत घेऊ नये.